‘पोटभर जेवलोय, मला चढत नाही’

“मॅडम, एकच सांगा. हे महिन्यातून दोन-तीनदा दारू प्यायला बसतात. पण पोटभर जेवतात, झोकांड्या जात नाहीत, गाडीही हळू चालवतात. मग माझ्या पोटात गोळा येतो तो उगाच का?”

हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायका विचारतात, आया विचारतात, एकदा तर सासऱ्यांच्या काळजीनं एक जावई विचारायला आला होता. ‘जेवलाय ना, मग ठीक आहे’ हे आपल्याकडे घराघरात चालतं. म्हणून या जोडप्याची हकिकत सांगते. दोघांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवऱ्याचा नाशिकला अंबडमध्ये सुट्या भागांचा छोटा कारखाना, वय बेचाळीस, वजन पंचाहत्तर किलो. गिरणारे बाजूला मित्राच्या मळ्यात बैठक होती, घरचे सगळे सोबत. रात्री साडेबाराला गंगापूर रोडनं परत येताना मागच्या सीटवरून दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, सिग्नल लाल होता.” बाबांना सिग्नल दिसलाच नव्हता. लाल की हिरवा हे नाही, तिथे सिग्नल आहे हेच दिसलं नव्हतं. काही झालं नाही, रस्ता मोकळा होता. पण त्यानंतर बायकोची, म्हणजे वरचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंची, झोप उडाली.

नवरा माझ्याकडे आला तो बायकोच्या समाधानासाठी. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “मी क्वार्टरवाला माणूस नाही मॅडम. दोन, फार तर तीन पेग. तेही मटण-भाकरीबरोबर.”

माझ्या कपाटात स्टीलचं पेग मोजायचं माप आहे. सफाईला येणाऱ्या मावशींना ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा आठवडाभर त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. ते काढलं, काचेचा ग्लास आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली आणि म्हटलं, नेहमी भरता तसा एक पेग भरा. त्यानं सराईतपणे ग्लास तिरका धरून ओतलं. ते पाणी मापात घातलं. साठ मिलीचं माप, म्हणजे एक लार्ज, पूर्ण भरलं, आणि वर आणखी अर्धं माप. म्हणजे नाईंटी. त्याचा एक पेग म्हणजे दीड लार्ज. तसे तीन म्हणजे 270 मिली. क्वार्टरची बाटली असते 180 ची.

“म्हणजे दीड क्वार्टर,” ताई हळूच म्हणाल्या. तो खुर्चीत सरळ बसला.

पुढचा हिशोब कागदावर त्यालाच करायला लावला, कारखानदार माणूस, आकड्यांना घाबरत नाही. व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबानं साठ मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्याच्या रात्रीचे झाले नव्वदच्या आसपास. यकृत ते तासाला सात ते दहा ग्रॅमच्या वेगानं जाळतं. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर गार पाणी, कशानंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमातली मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. त्याच्या वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण 15 ग्रॅमच्या जवळपास अल्कोहोल असलं की ही रेषा आली. म्हणजे खरा मोजलेला एक लार्जसुद्धा उपाशीपोटी पटकन घेतला, तर त्याला रेषेपाशी नेतो. (बीअरवाल्यांनी खूश होऊ नये. स्ट्राँगची मोठी 650 मिलीची बाटली म्हणजे दोन लार्ज.)

“पण मी जेवतो,” तो म्हणाला.

“कधी जेवता?”

इथेच खरी गोम आहे. अन्नाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात आधीच जेवण असेल तर ती पोटात रेंगाळते, हळूहळू पुढे सरकते, आणि रक्तातला चढ कमी आणि उशिरा येतो. पण हे पिण्याआधी जेवलेल्याला लागू. आपल्या बैठकीचा क्रम कसा? नऊला ग्लास भरले, समोर खारे शेंगदाणे, चिवडा, चकली. खारं खाऊन तहान लागते, तहान लागली की घोट मोठा. मटण चुलीवर शिजतच असतं. बाराला हाक येते, “चला, पानं वाढली,” आणि शेवटचा पेग उभ्याउभ्या संपवून माणूस पंगतीला बसतो. आधीच रक्तात गेलेली दारू भाकरी परत आणत नाही. तो शेवटचा पेग मात्र त्या जेवणाखाली अडकून राहतो आणि सावकाश चढतो, म्हणजे नेमका गाडीची किल्ली फिरवल्यानंतर. मळ्यातून निघताना ‘मी ठीक आहे’ हे त्या क्षणी खरंही असू शकतं. शहरात अशोक स्तंभापर्यंत येईतो ते खरं राहत नाही.

त्यात मध्यरात्र. शरीर तसंही झोपायला टेकलेलं, पोटात रस्सा-भाकरी, रक्तात दारू, आणि गाडीत एसी. सगळंच झोपेच्या बाजूचं. झोकांडी जाणं ही फार पुढची पायरी. त्याआधी जातं ते दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देणं. समोरचा टेम्पो दिसतो, पण त्याच्या वरचा सिग्नल दिसत नाही. मुलीनं पाहिलं ते हेच. आणि आपल्याला जमतंय का हे ठरवणारा मेंदूचा भागच आधी ढिला पडतो, म्हणून ‘मला चढत नाही’ ही साक्ष मी धरत नाही. रोज पिणाऱ्याची तर मुळीच नाही. त्याला सवयीनं कळत नाही, पण रक्तातला आकडा तोच असतो.

मी सहज विचारलं, “दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाता?” ताई पटकन म्हणाल्या, “सहाला मुंबईला निघतात, धंद्यातल्या पार्टीला भेटायला.” पुन्हा कागद. साडेनऊला सुरू, सकाळी सहापर्यंत साडेआठ तास, जळाले साठ ते पंचाऐंशी ग्रॅम. उरलेले पाच ते तीस. म्हणजे आंघोळ-चहा करून, इस्त्रीचा शर्ट घालून माणूस कसारा घाट उतरतोय आणि कदाचित अजून कायद्याच्या रेषेच्या वर आहे. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. लाल सिग्नलपेक्षा त्याला हे जास्त लागलं.

उपाशी राहून गाडी चालवणाऱ्यांचं वेगळंच. भाजीचा टेम्पो रात्री वाशीला नेणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. जेवलं की झोप येते म्हणून जेवायचाच नाही, आणि निघताना ‘थोडीशी’ घ्यायचा. रिकाम्या पोटी तीच थोडीशी अर्ध्या-एक तासात कळसाला पोचते. आणि ज्यांना मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या सुरू आहेत, त्यांची साखर अशा वेळी धोकादायक खाली जाऊ शकते. तोंडाला वास असतो, त्यामुळे लोकांना वाटतं दारूच चढली.

आता ताईंचा दुसरा प्रश्न, जो त्यांनी नवरा फोन घ्यायला बाहेर गेल्यावर विचारला. “भांडण न होता सांगू कसं?” त्या आजवर सांगायच्या ते गाडीपाशी, मित्रांसमोर, त्याच्या हातात किल्ली असताना. प्यायलेल्या माणसाशी त्याच्या मित्रांसमोर वाद घालून किल्ली मिळत नाही, फक्त वेग वाढतो. मी म्हटलं, बोलायचं निघण्याआधी, घरी, संध्याकाळी सातला. आणि ‘पिऊ नका’ असं नाही म्हणायचं, कारण ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते सांगायचं: “तुम्ही घेतली असेल तर त्या गाडीत मी बसणार नाही, मुलीलाही बसवणार नाही. परत कसं यायचं ते आत्ता ठरवू.”

त्यांनी तेवढंच केलं. नवऱ्याचं पिणं कितपत धोक्याचं आहे हे बघायला मी दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी घेतली. व्यसन म्हणावं असं नव्हतं, पण ‘काही नाही’ म्हणून सोडावं असंही नव्हतं, ते काम आमचं अजून चालू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे ऐकून तो हलला नव्हता. प्यायलेल्या चालकाच्या हातून झालेल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला विमा कंपनी नकार देऊ शकते, हे ऐकून मात्र त्यानं पॉलिसीचे कागद काढले. माणसं कशानं हलतील सांगता येत नाही.

महिन्यानं दोघं आले. पुतण्याची हळद होती, त्याच मळ्यात. ताईंचं लायसन्स बारा वर्षं कपाटात पडून होतं. आधी चार दिवस पहाटे त्यांनी मोकळ्या रस्त्यावर हात बसवला, आणि त्या रात्री बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर घर गाठलं. नवरा शेजारी घोरत होता. फाटकातून आत घेताना डावा दरवाजा खांबाला घासला.

“एवढा मोठा ओरखडा मॅडम,” तो हातानं लांबी दाखवत म्हणाला, “आणि हिला विचारलं तर म्हणते, मी तर शुद्धीत होते.”

ताई हसल्या नाहीत. मुलगी मात्र हसली. ती त्या दिवशी सोबत आली होती.