प्रयोगशाळा पाहिलीच नाही, मग अर्जात लिहू काय?

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र. ग्रीन कार्ड आहे. बाबा ट्रक चालवतात, आई दुकानात कामाला. दोघंही बारावीपर्यंत शिकलेले. मेंदूविज्ञानाच्या उन्हाळी इंटर्नशिपला अर्ज करायचाय, पण आमच्याकडे संशोधन होतच नाही. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? आणि घरची परिस्थिती सांगायची म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं.

उत्तर : नॅशनल सायन्स फाउंडेशन ही विज्ञान-संशोधनाला पैसा पुरवणारी अमेरिकी सरकारी संस्था; तिची आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणारी) योजना १९८७ पासून चालू आहे. जिथे संशोधनाची फारशी सोय नाही अशा कॉलेजांतली मुलं घ्या, असं तिच्या नियमांतच आहे. म्हणजे ज्याची तुला लाज वाटतेय ती तुझी जमेची बाजू. ग्रीन कार्डही चालतं. साधारण दहा आठवडे काम, आठवड्याला ७०० डॉलरच्या आसपास विद्यावेतन, शिवाय बहुतेक ठिकाणी राहायची सोय. तेव्हा 'पैसे नाहीत, पण अनुभव मिळेल' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

आता अनुभवाचं. आमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात येणारी मुलं जूनमध्ये काय करतात सांगते. उंदराच्या मेंदूचे ४० मायक्रॉन जाडीचे काप खारट द्रावणात तरंगत असतात. बारीक ब्रशने एकेक काप काचपट्टीवर घ्यायचा, दुमडलेली कड हलकेच उलगडायची. हात थरथरला की हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी जोडलेला भाग, फाटलाच. मग सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पेशी मोजत बसायचं, डोळे दुखेपर्यंत. एका वर्षी आलेल्या मुलीने आधी कपडे अल्टर करायच्या दुकानात काम केलं होतं. तिचे काप आमच्या पोस्टडॉकपेक्षा (पीएचडी झालेल्या संशोधकापेक्षा) सपाट बसायचे! (पोस्टडॉकला हे अजून आवडत नाही.) म्हणून तू जिथे कुठे नोकरी केलीस, जिथे चिकाटी आणि नेमकेपणा लागला, ते लिही. संख्याशास्त्राचा कोर्स, थोडंफार पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर तेही. आणि मेंदूबद्दलचा एखादा प्रश्न, जो खरोखर तुझ्या डोक्यात घोळतो. 'मला लहानपणापासून मेंदूचं आकर्षण' हे वाक्य आम्ही वाचून वाचून थकलो.

परिस्थिती एका वाक्यात, विशेषणं न लावता : 'घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, नोकरी सांभाळून शिकते.' बस. पुढचं वाक्य विज्ञानाचं. एनआयएच, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणारी अमेरिकी सरकारी संस्था; वंचित पार्श्वभूमी कशाला म्हणायचं याच्या तिच्या २०१९च्या निकषांत आईवडिलांकडे पदवी नसणं, पेल ग्रँटला (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी मदतीला) पात्र असणं, अशा गोष्टी धरल्या होत्या; नुसतं भारतीय वंशाचं असणं त्यात नव्हतं. २०२५ मध्ये मात्र एनआयएचने विविधतेसाठीचे कित्येक प्रशिक्षण कार्यक्रम बंद केले. त्यामुळे सीनियरकडून आलेली जुनी यादी बाजूला ठेव आणि प्रत्येक कार्यक्रमाची चालू वर्षाची माहिती स्वतः वाच.

शिफारसपत्रावर बरंच अडतं. मुदती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत संपतात, म्हणजे पत्रासाठी नोव्हेंबरातच विचारून ठेव. दोनशे मुलांच्या वर्गात 'ए' देणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा, ज्यांच्या केबिनमध्ये तू शंका घेऊन जायचीस त्यांचं पत्र घे. सोबत अर्जाचा कच्चा मसुदा दे, नाहीतर बिचारे लिहिणार काय?

निवड झाली की विमानाचं तिकीट ते काढतात की आधी तू भरायचं आणि नंतर पैसे परत, हे लगेच विचार. बाबांच्या क्रेडिट कार्डावर तो बोजा टाकायची गरज नसते. आमच्या ऑफिसला हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि त्यावर तोडगाही निघतो.