चालणं कामाला बांधा

प्रश्न : मी परभणीत एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. वय 46. परवा रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.1 टक्के निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच गोळी नको, रोज अर्धा तास चाला. पण ताई, चालायचं कधी? सकाळी दोन डबे, लेकरांची शाळा, नळाला पाणी आलं तर ते भरणं. नऊ-सव्वानऊला स्कूटी काढते, घरी यायला साडेसहा होतात. तीनदा पहाटे चालायला सुरुवात केली, दहा दिवसांच्या वर एकदाही टिकली नाही. घरात मी दिवसभर उभीच असते, ते चालण्यात धरायचं का?
– एक भगिनी, वसमत रोड, परभणी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रानं मला माझं निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष आठवलं. जिंतूर तालुक्यात मी आरोग्यसेविका होते. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून तांडा तीन किलोमीटर. खांद्याला लसींचा डबा लावून जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्याला मी कधी व्यायाम म्हटलं नाही, ते काम होतं. 2014 साली निवृत्त होऊन परभणीत राहायला आले आणि दीड वर्षात नऊ किलो वजन वाढलं, गुडघे धरले. ताटातली भाकरी वाढली नव्हती. कमी झाला होता तो फाटा ते तांडा हा रस्ता, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मग मीही पाचचा गजर लावून पाहिला. पाहुणे आले, पाऊस आला, ताप आला की खाडा. आणि एकदा खाडा पडला की संपलं. टिकलं ते घरपोच दूध बंद केल्यावर. डेअरी माझ्या घरापासून सातशे पावलांवर आहे. दूध आणल्याशिवाय चहा होत नाही, म्हणून चालणं चुकत नाही. आज नऊ वर्षं झाली.

तुम्हालाही मी हेच सांगेन. चालण्याला वेगळी वेळ काढत बसू नका, रोज जे काम चुकतच नाही त्याला ते बांधून टाका. तुमच्या दिवसात चुकत नाही असं काय आहे? कार्यालयात जाणं, दुपारचा डबा, रात्रीचं जेवण.

स्कूटी कार्यालयाच्या दाराशी नेऊ नका. दहा मिनिटं अलीकडे एखादी मैत्रीण किंवा नातेवाईक राहत असेल, तर त्यांच्या अंगणात लावा. जाता-येता वीस मिनिटं तिथंच झाली. संध्याकाळी भाजी त्याच वाटेवर घ्या, पण पिशवी एका खांद्याला लटकवू नका, वजन दोन पिशव्यांत वाटून घ्या.

डबा खाल्ल्यावर मात्र दहा मिनिटं चालाच, कारण तुमच्या साखरेला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. जेवल्यावर रक्तात साखर चढते. त्या वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू काम करत असतील, तर ते अंगातल्या इन्शुलिनची (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या स्रावाची) फारशी वाट न पाहता ती साखर स्वतःकडे ओढून घेतात. खुर्चीत बसलात तर ती रक्तातच रेंगाळते. म्हणून उपाशीपोटी चालण्यापेक्षा जेवणानंतरचं चालणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे. बाहेर ऊन असेल तर कार्यालयाचा लांब व्हरांडा आहेच. लोक बघतील, विचारतील. सांगा, साखर काठावर आली आहे म्हणून चालतेय. चार दिवसांत तुमच्यासोबत आणखी एखादी येईल, कारण 5.7 ते 6.4 या मधुमेहाच्या काठावर असलेल्या तुम्ही त्या कार्यालयात एकट्या नसणार.

रात्री शतपावली. आपल्याकडे हा शब्द आहे, सवय मात्र सुटली. शंभर पावलांवर थांबू नका, मिनिटाला शंभर अशा हजार पावलांवर जा. दहा मिनिटं लागतात. गच्ची चाळीस फूट लांब असेल तर वीस वेळा जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा किलोमीटर होतो. माहेरचा फोन याच वेळी करा.

आता घरात उभं राहण्याचं. ते बसण्यापेक्षा चांगलं, पण ओटा ते फ्रिज या चालीला तुमच्या अर्ध्या तासात धरू नका. त्यात श्वास वाढत नाही. पारख सोपी आहे : चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणायला गेलं तर दम पुरू नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं अशी चाल सांगते. पूर्वी ती निदान दहा मिनिटं सलग हवी अशी अट होती, 2020 साली ती काढली. तेव्हा पाच मिनिटं जमली तरी ती वाया गेली असं समजून दिवस सोडून देऊ नका.

दोन गोष्टी बाईमाणसाला कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहाटेच्या अंधारात एकटीनं निघू नका. कुत्र्यांची टोळी मागे लागली आणि पळताना बाई पडली, असं मी स्वतः पाहिलं आहे. दुसरं म्हणजे पातळ चपलेवर रोज चालू नका, टाच धरते. साडीवर कॅनव्हासचे बूट घाला. मी घालते. आणि एप्रिल-मे महिन्यांत, पारा बेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उन्हात चालायचं नाही म्हणजे नाही. तेवढे दोन महिने स्कूटी दाराशी लावा आणि ती वीस मिनिटं गच्चीवर काढा. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा आणि आकडा मला कळवा, मी वाट बघते.

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम आहे. वय 58, साखर बारा वर्षांपासून, सहा महिन्यांपासून इन्शुलिन चालू आहे. मुलानं मनगटावर घड्याळ बांधलं आणि रोज दहा हजार पावलं म्हणतो. माझी तीन हजारसुद्धा होत नाहीत. फार वाईट वाटतं.

उत्तर : दादा, वाईट वाटून घेऊ नका. दहा हजार हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ होतं. तिथून तो जगभर गेला. पुढे झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की साठीच्या आसपास आणि पुढे सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, त्यानंतर फारसा वाढत नाही. तुम्ही तीन हजारांवरून चार हजारांवर या. महिनाभर तिथंच राहा, मग पाच हजार. मुलाला हे वाचून दाखवा.

सौदा निघाल्यावर तुमची गर्दी असते, ती ओसरली की वहीवरून उठा. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं, वखारीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पट्टीचा हिशेब शेजारच्या दुकानात पोराच्या हाती न धाडता स्वतः नेऊन द्या. संध्याकाळी गंजगोलाईत काही काम असेल तर गोलाला एक फेरी मारूनच घरी जा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, त्यामुळे वाहनं सांभाळून, कडेकडेनं.

पण तुमच्या बाबतीत पावलांपेक्षा पाय महत्त्वाचे. बारा वर्षांच्या साखरेत तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. रोज रात्री आरसा खाली धरून तळवे बघा : फोड, भेग, काटा. बूट घालण्याआधी आत हात घालून बघा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, भाजलेलं कळत नाही आणि त्या जखमा फार दिवस चिघळतात. इन्शुलिनवर चालताना साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. चालताना घाम सुटला, हात थरथरले की तिथंच बसा आणि ते खा. चालताना पोटरी आवळते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल किंवा छातीत दाटत असेल, तर चाल वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. यात उशीर करू नका.

प्रश्न : आम्ही शेतकरी माणसं. दिवसभर रानात राबतो. आम्हाला वेगळं चालायची काय गरज? – एक वाचक, ता. औंढा नागनाथ

उत्तर : नांगरट, खुरपणी, पाणी देणं चालू असतं तेव्हा काहीच गरज नाही, त्या दिवसांत संध्याकाळी पाय लांब करून बसा. पण सुगी संपल्यावर शेतातल्या आखाड्यावर जायलासुद्धा मोटारसायकल निघते आणि गावात पारावर दुपार जाते. त्या तीन-चार महिन्यांत गाडीची किल्ली घरी ठेवा. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या आईला विचारा, ती शेवटची घराबाहेर कधी चालली. तिला रोज संध्याकाळी हाताला धरून मारुतीच्या देवळापर्यंत न्या.