काजवे, कळसूबाई आणि ओटीवरचे पाहुणे

या खेपेला पत्रं बहुतेक सगळी अकोले तालुक्यातली नाहीतर तिकडं जाणाऱ्यांची आहेत, मे अर्धा सरला की दरवर्षी हेच होतं. म्हणून सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलंय.

भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय. मागच्या वर्षी गेलो तर रात्री दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो, काजवे दिसले ते पण फोटोत दिसतात तसे नाहीत. आमचं काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

दादा, आधी फोटोचं सांगतो म्हणजे अर्धं दुःख हलकं होईल. झाडाझाडावर हजारो ठिपके चमकतायत असे जे फोटो तुम्ही बघता ना, ते बहुतेक एका क्षणाचे नसतातच, कॅमेरा स्टँडवर लावून बरेच फोटो काढायचे आणि मग ते एकावर एक चढवायचे असा तो प्रकार असतो. डोळ्याला जे दिसतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त भारी, कारण अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं आणि मधेच सगळं गप होतं, हे फोटोत येतच नाही.

आता ट्रॅफिक. शनिवारी रात्री आठला धरणाजवळच्या शेंडी गावात पोचून धरणाला गाडीतून चक्कर मारायची हा प्लॅनच चुकीचा. मधल्या वारी जा, अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, उजेडीच मुक्कामाच्या गावात पोचा आणि गाडी तिथंच ठेवून पायी फिरा. मुतखेल, पांजरे, उडदावणे, नाहीतर थोडं लांब पुरुषवाडी, कुठंही चालेल. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आत-बाहेर पसरलाय, रात्रीच्या गाड्यांचे नियम वन विभाग बदलत असतो, तर निघायच्या आधी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा. आणि उशीर नको, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच खेळ असतो, एकदा पाऊस धो धो लागला की संपलं.

हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च बंद का ठेवायचा ते पण सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की लोक ऐकत नाहीत. काजवा चमकतो तो जोडीदार शोधायला. नर उडत उडत खुणा करतो, मादी बऱ्याचदा झुडपात नाहीतर गवतात बसून उत्तर देते. त्याच्या आयुष्याचे बरेच महिने अळी होऊन ओल्या मातीत गोगलगायी खाण्यात गेलेले असतात, पंख फुटल्यावर हातात उरतात मोजके दिवस, आणि त्यात तुमच्या गाडीचा झोत पडला की खूण दिसतच नाही. गवतात पाय घालून फोटो काढणाऱ्याच्या बुटाखाली तर माद्याच जातात. टॉर्च लागलाच तर त्याला लाल जिलेटीन गुंडाळा आणि जमिनीकडंच धरा.

आणखी एक, काजव्यांनी लगडलेलं झाड बरेचदा हिरड्याचं नाहीतर बेहड्याचं, सादड्याचं असतं. हिरड्याचं असेल तर त्याच्या बाळहिरड्यावर, म्हणजे कोवळ्या फळांवर, इथल्या घरांचे चार पैसे सुटतात. फांदी मोडून व्हिडिओ काढणारे मी बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

जुलैच्या एका रविवारी आई (वय 66) आणि मुलगी (वय 9) यांना घेऊन कळसूबाई करायचंय. आई रोज बागेत तासभर चालते. जमेल का? (एक वाचक, नाशिक)

मुलीला जमेल, ती तुमच्या आधी वर पोचेल. आईंचं मात्र बागेतल्या चालण्यावरून ठरवू नका ताई, बागेत चढ नसतो. पायथ्याच्या बारी गावातून शिखर जवळजवळ 900 मीटर वर आहे, म्हणजे सवय नसलेल्याला चढायलाच साडेतीन-चार तास आणि उतरताना गुडघ्यांची परीक्षा वेगळी. लोखंडी शिड्यांवर रविवारी रांग लागते, भर पावसात अर्धा अर्धा तास वाऱ्यात उभं राहायचं, खरा त्रास तिथं होतो.

नवरात्रात माझ्या आजीच्या वयाच्या बायका अनवाणी चढून देवीला जाताना मी बघितल्यात, त्यामुळं वय झालं म्हणून नको असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा जन्म डोंगरात गेलाय. तुम्ही असं करा, जुलै सोडा, नवरात्र उलटलं की नोव्हेंबर-डिसेंबरात मधल्या वारी या, पहाटे निघा, आणि दुपारी बाराला जिथं असाल तिथून मागं फिरायचं हे घरूनच ठरवून या, वर गेल्यावर कोणाचंच मन होत नाही. आईंना नाहीच जमलं तर वाटेच्या सुरुवातीलाच देवीचं देऊळ आहे, तिथं दर्शन घेऊन गावात एखाद्या ओटीवर चहा घेत बसतील. 1646 मीटरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते, पुढच्या वर्षी पण तिथंच असणार.

ऑगस्टमध्ये सांदण दरी करता येईल का?

नाही. दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावच्या लोकांना विचारा, ते पण नाहीच म्हणतील. ती दरी म्हणजे कातळातली अरुंद फट आहे, वर कुठं जोराचा पाऊस झाला की पाणी त्याच फटीतून कोकणाकडं सुटतं आणि दोन्ही बाजूला उभ्या भिंती, पळणार कुठं. पावसाळा पूर्ण ओसरल्यावर जा, तेव्हासुद्धा मधल्या डोहात कमरेएवढं पाणी मिळेल.

आमचं रतनगडाच्या बाजूला घर आहे, पाहुणे ठेवतो. ग्रुपवाले शहरातून तीस-चाळीस पोरं आणतात, जेवणाचा भाव पाडून मागतात, रात्री स्पीकर लावतात. बोललं तर पुढच्या वेळी दुसऱ्या घरी जातात. काय करावं? (एक वाचक, अकोले तालुका)

हे पत्र वाचून मला लाज वाटली, कारण वीस वर्षांपूर्वी मी पण अशाच एका ग्रुपात होतो आणि भाकरी कमी पडली म्हणून एका माउलीशी वाद घातला होता. दुसऱ्या दिवशी धुक्यात रतनगडावरून उतरताना आम्ही ढोरवाटेला लागलो, आणि गुरं वळायला आलेल्या तिच्याच पोरानं खाली आणून सोडलं. पैसे दिले तर घेतले नाहीत त्यानं.

तर उत्तर. एकट्यानं बोलून काही होणार नाही, कारण ग्रुपवाला शेजारच्या घरी जातो हेच त्याचं बळ आहे. पाहुणे ठेवणारी गावात जेवढी घरं असतील त्यांनी एकदा बसा आणि जेवणाचा, मुक्कामाचा, वाटाड्याचा असे तीन भाव ठरवा, त्याच्या खाली कोणी जायचं नाही. भाव पाटीवर लिहून ओटीवर लावा. निम्मे पैसे आधी घ्या, आकडा पक्का कळल्याशिवाय पीठ मळू नका. स्पीकरचं फोनवरच सांगा, आल्यावर सांगितलं की भांडण होतं. अभयारण्यातलं गाव असेल तर वन विभागाचे नियम तुमच्याच बाजूनं आहेत, तेही पाटीवर लिहा.

आणि दादा, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात सरळ नाही म्हणा. अख्खं घर चिखलात असताना रात्री चाळीस ताटं कोण वाढणार? त्यापेक्षा चारच पाहुणे घ्या, ज्यांना हौस आहे त्यांना खाचरात उतरवा, नागलीची भाकरी आणि रानभाजी घाला, भाव दीडपट लावा. येतात लोक, मी स्वतः येईन, फक्त कंबर धरली तर हसू नका.