तुळस वाळली आणि बाईंची झोप उडाली

"मॅडम, आधी सांगते, हसू नका." खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "माझी तुळस वाळलीय."

मी हसले नाही. समुपदेशनाच्या या कामात पडल्यापासून हा प्रश्न इतक्या तोंडांनी ऐकलाय की हसू येतच नाही. कुणाची तुळस वाळलेली असते, कुणाचा समईतला दिवा मालवलेला असतो, कुणाचा नारळ नासका निघालेला असतो. पुढचं वाक्य मात्र एकच: "काही वाईट होणार नाही ना?" विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगली शिकलेली असतात, आणि म्हणूनच विचारताना ओशाळतात.

या बाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. नाव नको म्हणाल्या, म्हणून शाळेतली मुलं म्हणतात तसं मीही इथे त्यांना बाईच म्हणते.

पाडवा आठवड्यावर आला होता. गॅलरीत गुढी उभारायची त्या कोपऱ्यातच सिमेंटचं छोटं वृंदावन, आणि त्यात करड्या काटक्या. सणाला वाळलेली तुळस दारात कशी ठेवायची? आणि उपटायला हात कसा लावायचा? गेला महिनाभर त्या रात्री दोन-अडीचला उठायच्या, मोबाईलच्या उजेडात तुळशीची हिरवी पानं मोजायच्या. आधी नऊ होती, मग चार, मग एक. परत येऊन अंथरुणात पडल्या पडल्या तुळस वाळणं कशाचं लक्षण असतं ते सांगणारे व्हिडिओ बघायच्या. सकाळी दहावीच्या पेपरांचा गठ्ठा वाट बघत असायचा. तपासून मॉडरेटरकडे द्यायची तारीख ठरलेली. एकदा बेरीज चुकली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारलं, "बाई, बरं नाही का?"

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. मी म्हटलं, "तुम्ही तर विज्ञानाच्या शिक्षिका. झाडाचं आयुष्य असतं, ते संपतं, एवढंच." त्यांनी मान डोलावली, "हो, ते मी वर्गात शिकवतेच," म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली. ती चेन लागली तेव्हा मला कळलं. माहिती त्यांच्याकडे माझ्याहून जास्त होती. भीती वाटते ही एक गोष्ट, आणि आपण विज्ञान शिकवून असल्या गोष्टीला भितो ही लाज, ही दुसरी. मी त्या लाजेत भर घातली होती. त्या पुन्हा आल्या याचं श्रेय त्यांचंच.

दुसऱ्या वेळी मी तुळशीबद्दल एकच गोष्ट विचारली. पानं गळायला लागली कधी?

"संक्रांतीच्या पुढेमागे."

"तेव्हा घरात काय चाललं होतं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट."

पहिल्या भेटीत याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. घरातही नव्हता. तीन आठवड्यांनी नवरा कामावर गेला, सगळ्यांनी "आता ठणठणीत आहेत" असं ठरवून टाकलं आणि विषय बंद. सासूबाईंपुढे काढायचा नाही, त्यांचा रक्तदाब वाढेल. मुलगी अकरावीत, तिला टेन्शन नको. नवऱ्यापुढे तर नाहीच. मग एवढी मोठी भीती जाणार कुठे? ती गॅलरीत गेली. आपल्याकडे तुळस म्हणजे घरातल्या बाईचं सौभाग्य, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. "ह्यांना पुन्हा काही झालं तर?" हे वाक्य बोलता येत नव्हतं. "तुळस वाळली" हे निदान कुणापुढे तरी बोलता येत होतं.

इथे जरा थांबून सांगते, कारण असाच प्रश्न घेऊन हे वाचणारं कुणीतरी असेल. रात्री उठून बघितलं की क्षणभर बरं वाटतं. "आहे, अजून एक पान आहे." पण ते बरं वाटणं टिकत नाही, आणि पुढच्या वेळी बघायची ओढ आणखी लवकर लागते. व्हिडिओंचं तसंच, आणि "काही होणार नाही ना" असं दहा जणांना विचारण्याचंही तसंच. म्हणून मीही त्यांना "काही होणार नाही" असं म्हटलं नाही. ते मला ठाऊक नव्हतं, आणि म्हटलं असतं तर त्या अकराव्या माणसाच्या शोधात निघाल्या असत्या.

ठरलं ते साधं होतं. तुळशीकडे दिवसातून एकदाच जायचं, सकाळी पूजेच्या वेळी. व्हिडिओ बंद. रात्री जाग आली तर उशाच्या वहीत खरं वाक्य लिहायचं, तुळशीचं नाही, नवऱ्याचं. पहिल्या रात्री त्यांनी तीन पानं लिहिली. त्यातलं अर्धंअधिक डॉक्टरांना विचारायचे प्रश्न निघाले: गोळ्या किती दिवस, जिने चढले तर चालतात का, छातीत दुखलं तर आधी काय करायचं. अडीच महिने हे प्रश्न त्यांनी विचारलेच नव्हते, कारण विचारलं की खरं होईल असं वाटत होतं.

मी त्यांना आणखी एक विचारलं होतं. हे सगळं व्हायच्या आधी तुळशीपुढे उभं राहिल्यावर काय वाटायचं? मला वाटलं, देवाचं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "काही नाही हो. पाणी घालून प्रदक्षिणा घालेपर्यंत मला कुणी हाक मारायचं नाही. घरातसुद्धा." आणि मग, पहिल्यांदाच, रडल्या. आताशा त्या तिथे उभ्या राहायच्या त्या निकाल बघायला. जे एक ठिकाण त्यांचं होतं तेही परीक्षेचं झालं होतं. श्रद्धा सोडा असं मी कधी म्हणत नाही, आणि या प्रसंगी तर म्हणायचं कारणच नव्हतं. त्यांची श्रद्धा आणि त्यांची भीती या एकमेकींना चिकटलेल्या पण वेगळ्या होत्या.

पाडव्यानंतर मी सगळ्यांना बोलावलं. गुढी त्यांनी त्या वर्षी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभारली होती. नवरा संकोचून बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई मात्र येताना डब्यात कडुलिंब-गुळाची चटणी घेऊन आल्या होत्या, मला द्यायला.

बोलणं सुरू होईना, म्हणून मी सोप्यातलं विचारलं. तुळशीला पाणी कोण घालतं?

"मी, सकाळी," बाई म्हणाल्या.

"मी पण घालते की," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी. हिला शाळेच्या गडबडीत होत नसेल म्हणून. वर थोडं दूध."

मुलगी खाली बघून म्हणाली, "मी क्लासवरून आल्यावर." आणि शेवटी नवऱ्याने घसा खाकरला. तो रात्री झोपायच्या आधी एक तांब्या ओतत होता. बायको रोज रात्री उठून तिथे जाते हे त्याला माहीत होतं. जागा असायचा, पण बोलायचा नाही. तुळस जगली तर ती झोपेल, एवढाच त्याचा हिशेब.

चार माणसं, कुणी कुणाला न सांगता, एका वीतभर कुंडीत पाणी ओतत होती.

पुढचं बाईंनी स्वतःच सांगितलं, वर्गात सांगतात तशा आवाजात. थंडीत तुळस पानं गाळते, तेव्हा तिला पाणी कमीच लागतं. आपण नेमकं उलटं करतो, पानं गळताना बघून जास्त घालतो. त्यांच्या वृंदावनाला खाली भोकच नव्हतं. मुळांना हवा मिळाली नाही, मुळं कुजली, आणि कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून वाळतं. "आणि मंजिऱ्या खुडल्याच नाहीत मी यंदा," त्या म्हणाल्या. बी धरलं की झाडाची सगळी ताकद तिकडे जाते, खोड लाकडासारखं होतं. एरवी दर आठवड्याला खुडायच्या. यंदा दवाखान्याच्या फेऱ्यांत राहून गेलं.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे दोन-तीन वर्षांनी नवी लावायचीच. कार्तिकात लग्न लागलं की मंजिरी जपून ठेवायची." मग थांबल्या. "भीती मला पण वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, घरावर आलेलं तिनं आपल्या अंगावर घेतलं. माझं पोरगं वाचलं ना."

बाई सासूकडे बघतच राहिल्या. त्याच घरात, त्याच झाडाचा, इतका वेगळा अर्थ कुणीतरी अडीच महिने मनात ठेवून होतं. खरा कुठला, हे ठरवायला मी बसले नव्हते. नवरा मात्र त्यानंतर बोलला. मलाही रात्री भीती वाटते, म्हणाला. एवढंच. पण ते तुळशीबद्दल नव्हतं.

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, मग १ मेच्या निकालाची तयारी, त्यात दोनदा त्या पुन्हा रात्री उठल्या. एकदा व्हिडिओही बघितला, मला सांगितलं. तरी झोप हळूहळू परतली, गोळ्यांची गरज पडली नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, छाती धडधडून श्वास कोंडत असेल, किंवा पुन्हा पुन्हा बघण्यात, धुण्यात, मोजण्यात दिवसाचे तास जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. कुणाकडे जायचं ते सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र. मराठीतही बोलता येतं.

वाळलेली तुळस सासूबाईंनी स्वतः काढली, नमस्कार करून. काटक्या बागेतल्या मातीत गेल्या. वृंदावनाला नवऱ्याने ड्रिलने भोक पाडलं. खाली विटेचे तुकडे, वर माती, वाळू, शेणखत. जपून ठेवलेल्या मंजिऱ्यांचं बी वर नुसतं भुरभुरलं, दाबलं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. ते मोजले का, असं मी विचारलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आधी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. या नात्यात ते बरं नसतं. दुसऱ्या दिवशी त्या पन्ह्याची बाटली, आंब्याच्या डाळीचा डबा आणि दह्याच्या रिकाम्या कपात लावलेलं चार पानांचं रोप घेऊन आल्या. कपाला खाली तीन भोकं पाडलेली.

"सासूबाईंनी दिलंय. पाणी एकाच माणसाने घालायचं, म्हणाल्यात."

माझ्या खोलीच्या खिडकीत ऊन चांगलं येतं, तिथे ठेवलंय. पाणी घालायचं काम आमच्या झाडूपोछा करणाऱ्या मावशींकडे दिलंय. मला माझा भरवसा नाही.