चीज ठरावीक प्राण्यांच्याच दुधाचं का बनतं?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याच दुधाचं चीज का होतं, घोडी किंवा गाढविणीचं का नाही, असं तुम्ही विचारलंय. खरी गोम आहे केसिन या प्रथिनात.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं, सूक्ष्म कणांच्या रूपात. प्रत्येक कणावर कॅपा-केसिनची केसांसारखी लव असते, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट म्हणजे दूध जमवायला घालतात ते विरजणासारखं द्रव्य, मुळात वासराच्या जठरातून मिळणारं; त्यातलं कायमोसिन हे एन्झाइम ही लव कापतं. मग कॅल्शियमच्या मदतीने कण एकमेकांना धरतात, दूध घट्ट जमतं, स्निग्धांश त्यात अडकतो आणि निवळी निथळून जाते. घोडी-गाढविणीच्या दुधात मुळात प्रथिनं कमी, त्यातलं केसिन निम्म्याच्या आसपास आणि कॅपा-केसिन फारच थोडं. रेनेट घातलं तरी सुरीने कापता येईल असं ते जमत नाही. मध्य आशियात घोडीचं दूध आंबवून कुमिस म्हणून पितात ते उगीच नाही. सर्बियातलं गाढविणीचं महागडं ‘पुले’ चीजसुद्धा शेळीचं दूध मिसळूनच करतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती सांडणी. तिच्या दुधात केसिन भरपूर, तरी वासराच्या रेनेटने ते धड जमत नाही, कारण तिच्या कॅपा-केसिनवर ते एन्झाइम नीट चालतच नाही. पुढे शास्त्रज्ञांनी उंटाचं कायमोसिन बुरशीकडून तयार करून घेतलं आणि हे दूध जमू लागलं. नवल म्हणजे तेच एन्झाइम गाईचं दूध वासराच्या एन्झाइमपेक्षाही जोमाने जमवतं! आता गाईच्या चीजसाठीही ते वापरतात.

डुकरिणीची अडचण धार काढण्याचीच आहे. तिला दूध साठवायला कासेत जवळपास जागा नसते आणि पान्हा मिनिटभरही टिकत नाही. मेंढीही दूध थोडंच देते, पण ते इतकं दाट की पाच-सहा लिटरांत किलोभर चीज निघतं, गाईचं दहाएक लिटर लागतं. रॉकफोर, पेकोरिनो ही चीजं तिचीच.

पनीरला रेनेट लागत नाही, लिंबाने किंवा दुसऱ्या आम्लाने दूध फाडलं की झालं. मात्र तिथेही गोळा होतं ते मुख्यतः केसिनच, त्यामुळे गाढविणीच्या दुधाचं पनीरही हाती फारसं लागणार नाही.