हिनोदेचं नियोजन हाती घेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या जपानच्या हिनोदे उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांची आखणी आता तुझ्याकडे येते आहे, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रात सौरज्वालांवर तीन परिच्छेद आहेत आणि रोजच्या सिनॉप्टिक चित्रांवर, म्हणजे ठरलेल्या वेळी घेतल्या जाणाऱ्या अख्ख्या सूर्याच्या चित्रांवर, एकच ओळ, ‘ती काय, होतातच.’ त्या एका ओळीपायी मी तातडीनं लिहायला बसले.

ती आपोआप होत नाहीत. प्रत्येक योजनेत कुणीतरी त्यांच्यासाठी जागा राखतं, म्हणून होतात. हिनोदेवर तीन दुर्बिणी एकाच सांगाड्याला घट्ट बसवलेल्या आहेत. एकीला वळवायचं तर तिघींना वळावं लागतं. दृश्य प्रकाशाच्या आणि अतिनील दुर्बिणीला सूर्याचा लहानसा तुकडा बारकाईनं पाहायचा असतो. आपल्या क्ष-किरण दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र 34 कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि सूर्यबिंब साधारण 32 कलांचं, त्यामुळे उपग्रह बिंबाच्या मध्याकडे रोखलेला असेल तेव्हाच अख्खा सूर्य आपल्या चौकटीत मावतो. म्हणून दिवसातून दोनदा, जागतिक वेळेनुसार 6 आणि 18च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेअकरा आणि रात्री साडेअकराला, सगळ्यांनी आपापलं लक्ष्य सोडून मध्याकडे यायचं, असा रिवाज आहे. एखाद्या निरीक्षकाचं सक्रिय क्षेत्र, म्हणजे सूर्यावरचा तीव्र चुंबकीय हालचालींचा भाग, नेमकं तेव्हाच आकाराला येत असतं. तो अगदी अदबीनं विचारतो, आजच्या दिवस वगळूया का? त्याची मागणी खोटी नसते. तरीही तू नाही म्हणायचंस, आणि का ते त्याला नीट समजावून सांगायचंस.

कारण असं. हिनोदे सप्टेंबर 2006मध्ये जपानच्या उचिनोउरा केंद्रावरून उडाला. तेव्हा 23वं सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचा साधारण अकरा वर्षांचा चढउतार, उतरणीला लागलं होतं. त्यानंतर आलेली दीर्घ शांतता, 24वं चक्र पूर्ण आणि 25व्याचा चढ, हे सगळं एकाच दुर्बिणीनं पाहिलं आहे. दृश्य प्रकाशात पाहिलं तर अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचं तेज जेमतेम 0.1 टक्का बदलतं. क्ष-किरणांत तेच तेज कित्येक पटींनी खालीवर होतं, कारण क्ष-किरण येतात ते लाखो अंश तापलेल्या प्रभामंडळातून, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून. खालचा पृष्ठभाग जेमतेम 5,800 केल्विनचा, तो या चित्रांत काळाच दिसतो. चक्राचा हा चढउतार समजून घ्यायला सलग नोंद लागते. मोठी ज्वाला उसळली तर तिच्याकडे पाहणारी डझनभर उपकरणं आज अवकाशात आहेत. गेल्या मंगळवारचा शांत सूर्य मात्र पुन्हा कुणालाच टिपता येणार नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं. दुर्बीण म्हातारी होते आणि तिच्या वार्धक्याची खबर याच चित्रांतून मिळते. उपग्रहातल्याच पदार्थांतून सुटणारे रेणू सीसीडीवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, आणि फिल्टरांवर साचत जातात. ते घालवायला सीसीडी अधूनमधून तापवावा लागतो. तरी सगळं जात नाही, थेंबांसारखे डाग उरतातच. या थरात लांब तरंगलांबीचे क्ष-किरण जास्त शोषले जातात, त्यामुळे पातळ फिल्टरांची संवेदनशीलता अधिक घटते. किती घटली, हे ठरवायला काल आणि आज एकाच पद्धतीनं घेतलेली चित्रं हवीत. मग 9 मे 2012ला दुर्बिणीच्या तोंडाशी असलेला एक अतिपातळ पूर्व-फिल्टर फाटला आणि दृश्य प्रकाश आत झिरपू लागला. काही फिल्टरांच्या चित्रांत क्ष-किरणांवर त्या प्रकाशाचं सावट आलं.

ते वेगळं काढण्याची युक्ती मला आजही थक्क करते. मे ते ऑगस्ट या काळात हिनोदे प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वीच्या छायेत जातो. आत शिरताना आणि बाहेर पडताना काही क्षण असे येतात, की सूर्य त्याला पृथ्वीच्या वातावरणाआडून दिसतो. वातावरण क्ष-किरण पुरते शोषून घेतं, दृश्य प्रकाश मात्र पुढे जाऊ देतं. त्या क्षणी टिपलेलं चित्र म्हणजे निव्वळ झिरपलेला प्रकाश! तो नेहमीच्या चित्रातून वजा केला, की उरतात क्ष-किरण. ज्या ऋतूला सगळे निरीक्षक वैतागतात, त्यानंच ही चित्रं वाचवली. तुझ्या योजनेत अशा मोजमापांच्या ओळी आल्या तर त्यांना हात लावू नकोस.

आता हिशेबाचं बोलूया. 2007च्या अखेरीस उपग्रहाचा डेटा पृथ्वीवर पाठवणारा वेगवान एक्स-बँड रेडिओ ट्रान्समीटर बिघडला. तेव्हापासून सगळा डेटा कितीतरी संथ एस-बँडवरून उतरतो आणि तोही तिघींत वाटून घ्यायचा असतो. आपला सीसीडी 2048 बाय 2048चा, म्हणजे एका पूर्ण चित्रात सुमारे 42 लाख पिक्सेल. तेवढ्या जागेत 384 बाय 384ची 28 चित्रं बसतात. हे गणित तोंडपाठ असू दे. लहान चौकट घेतलीस तर वेग मिळतो, पण सूर्य फिरतो, सक्रिय क्षेत्र दिवसाला सुमारे 13 अंश सरकतं, आणि योजना तर तू दोन-तीन दिवस आधी लिहिलेली असतेस. चौकट थोडी सैलच ठेव.

ज्वालांची इतकी चिंता करू नकोस. दुर्बीण सतत गस्तीची चित्रं घेत असते. त्यांत एकाएकी तेज वाढलं, की उपग्रहावरचा संगणक स्वतःच ज्वालेच्या कार्यक्रमाकडे वळतो. त्या वेळी जमिनीवर कुणी जागं असण्याची गरज नाही. तो कार्यक्रम आधीपासून शहाणपणानं लिहून ठेवणं हे तुझं काम. जाड बेरिलियम फिल्टर आणि अगदी लहान एक्स्पोजर त्यात हवेतच, नाहीतर नेमका हवा तो भाग पांढराफटक पडतो. आणखी एक गोष्ट. भारताच्या आदित्य-एल1 या सौरयानावरची सोलेक्स आणि हेलिओस ही उपकरणं अख्ख्या सूर्याचा क्ष-किरण वर्णपट देतात, पण ज्वाला बिंबावर नेमकी कुठे उसळली ते दाखवत नाहीत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली त्याच यानावरची ‘सूट’ दुर्बीण अतिनील प्रकाशातली चित्रं देते. तिच्या माणसांशी तुझी ओळख आहेच, तिचा उपयोग कर. दोन्हीकडच्या वेळा जुळवता आल्या तर काय सापडेल, याचं मला फार कुतूहल आहे.

ग्रहणांचं पंचांग मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. हिनोदेच्या आधीचा जपानी सौर उपग्रह योहकोह दहा वर्षं उत्तम चालला होता. 14 डिसेंबर 2001च्या कंकणाकृती ग्रहणात त्याची सूर्यावरची पकड सुटली, तो गिरक्या घेऊ लागला, सौरपंखांवर ऊन पडेना आणि बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. तो पुन्हा निरीक्षणाला आलाच नाही. चंद्राच्या सावलीतून उपग्रह कधी जाणार, हे योजना लिहायला घेण्याआधीच पाहायचं.

आणि योजनेसोबत दोन ओळी लिहीत जा. हा फिल्टर का घेतला, ही चौकट का, काय सोडलं आणि कुणाच्या विनंतीवरून. दहा वर्षांनी कुणी ती चित्रं उघडेल तेव्हा तू तिथे नसशील आणि फाइलच्या मथळ्यात ‘का’ लिहिलेलं नसतं.

पहिली योजना अपलोडला जाण्याच्या आदल्या दिवशी मला पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी बघेन. सिनॉप्टिकच्या दोन्ही वेळा आधी तपासेन, बाकीचं नंतर.

सस्नेह,
तुझी ताई