हाड बसवल्यावर हे बोलायला लागतील ना?

मेंदूशस्त्रक्रियेच्या वॉर्डात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्या दिवशी विचारणाऱ्या ताईंचे मिस्टर चार महिन्यांपूर्वी बाईकवरून पडले होते, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचं डावीकडचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं. (हे ऐकून सासूबाई अजून गोंधळलेल्या होत्या. काही ठिकाणी हाड उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्येही ठेवतात.) आता ते परत बसवायचं होतं. हाड खराब झालं असतं तर टायटॅनियमची जाळी किंवा बोन सिमेंट (घट्ट होणारं कृत्रिम मिश्रण) बसवलं असतं.

मी खरं तेच सांगितलं. हाड मेंदूला संरक्षण देतं. खोलगट झालेली बाजू भरल्यावर काहींचं बोलणं, चालणं थोडं सुधारतं, पण शब्द हमखास परत येतील असं नाही. स्पीच थेरपी (बोलण्याचा सराव) आणि कमजोर झालेल्या उजव्या हाताचा व्यायाम चालू ठेवायचा. झटक्यांची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

ताई मान डोलावत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चार महिने मी नीट झोपले नाही. झोपेत माझा हात लागला तर? पोरगा तर त्यांच्या जवळच जात नाही." मी इतका वेळ भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसले होते.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डावा डोळा सुजून पार मिटला आणि सासूबाईंनी रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. अशी सूज बऱ्याचदा येते, काही दिवसांत उतरते. हे आधी सांगायचं राहिलं, ती चूक माझीच. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, झटका, उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा, हे ताईंना कागदावर लिहून दिलं. टाक्यांभोवती बधिरपणा महिनोन्महिने राहू शकतो, तेही सांगितलं.

मिस्टर टाके काढायला आले तेव्हा कानशिलाजवळ थोडा खळगा होताच. तिथला स्नायू रोडावतो. त्यांनी आरशात पाहिलं, टोपी उचलली, परत ठेवली. "न...को," म्हणाले. पोरगा शेजारीच बसून टाके मोजत होता. ताईंनी मला विचारलं, "डोक्याला तेल कधीपासून लावू?"

जखम पूर्ण भरली की, डॉक्टरांना दाखवून.